आठ उघड्या खिडक्या

नोव्हेंबर २००९. बुधवार होता. गिझर दुरुस्त करणारा येणार म्हणून मी सुट्टी घेऊन घरी बसलो होतो. तो आला नाही, हे वेगळं सांगायला नको.

मी सॉफ्टवेअरचा माणूस. कुठलीही गोष्ट बंद पडली की तिला कारण असतं आणि ते बहुतेक आपल्याच चुकीत सापडतं, एवढीच माझी श्रद्धा. शहरात इंद्रलोक वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतल्यापासून मी मोरव्याला, म्हणजे आमच्या गावी, महिन्यातून एकदा जातो. धाकटा भाऊ उदय मात्र तिथेच राहिला आणि होडीवर गेला. आमच्यात शिकलेला कोण आणि कामाचा कोण, यावरून आई असेपर्यंत रोज थट्टा चालायची.

मोरव्याला खाडीच्या काठी मच्छीमार सोसायटीचं एका खोलीचं ऑफिस आहे. बाजूला बोंबील वाळवायच्या बांबूच्या वलांड्या, मागे मिठागरं. तिथली वही माझी केसरआत्या सांभाळते. होडी निघाली की तिच्यावरच्या प्रत्येक माणसाचं नाव एकेका पानावर लिहायचं. माणूस परत आला की त्याने स्वतः येऊन सही करायची, आणि मगच ते पान मिटायचं. दुसऱ्या कोणी मिटायचं नाही. आजोबांच्याही आधीची ही पद्धत आहे. पानं उडू नयेत म्हणून त्या खोलीत कधी पंखा लागला नाही, आणि मे महिन्यात तिथे बसणं ही शिक्षाच होती.

त्या वर्षी जुलैत ऑफिसात पाणी शिरलं आणि वहीचा लगदा झाला. मग मी हुशारी केली. एक साधा प्रोग्राम लिहिला आणि परदेशातल्या एका कंपनीचा छोटा सर्व्हर भाड्याने घेऊन सगळी वही तिथल्या डेटाबेसमध्ये टाकली. आत्याला म्हटलं, वही आता ढगात ठेवलीय, बुडायची भीती नाही.

"ढगात?" ती म्हणाली. "मंग पावसात भिजंल ना रं ती."

माऊस चालवायला ती आठवड्यात शिकली. पण एका खिडकीत सगळी नावं दिसतात हे तिला काही पटेना. प्रत्येक माणसासाठी ती वेगळी खिडकी उघडायची आणि तो परत येईपर्यंत तशीच ठेवायची. एका पानात आठ जीव कसे मावतील, असं तिचं म्हणणं. मी हसून सोडून दिलं. प्रत्येक उघडी खिडकी डेटाबेसशी आपलं एक कनेक्शन धरून ठेवते, हे मला ठाऊक होतं. ते सुधारायचा कंटाळा केला, ही माझी चूक.

त्या बुधवारी साडेदहाला शालूचा फोन आला. शालू म्हणजे उदयची बायको. वारं इतकं होतं की तिला ओरडून बोलावं लागत होतं.

"दादा, दोन होड्या आल्या. सरूबाई आली न्हाय."

'सरूबाई' ही धाकू तांडेलांची होडी. मंगळवारी पहाटे आठ जणांना घेऊन निघाली होती, आणि आठांत उदय होता. वादळाची बातमी सकाळी आली तोवर ती दूर गेली होती.

पण धाकूकाका शिस्तीचे. दर काही तासांनी ते होडीवरच्या यंत्रातले आकडे, म्हणजे होडी समुद्रात नेमकी कुठे आहे ते, मोबाईलवरून मेसेज करायचे. तो मेसेज आपोआप वहीत उतरायचा. ही सोयही मीच केली होती आणि तिचा मला अभिमान होता.

मी वही उघडली. पान आलं नाही. लाल अक्षरांत एकच ओळ आली: कनेक्शन खूप झाली आहेत, जागा नाही.

मेसेज पोचवणाऱ्या सेवेचं पान पाहिलं. मंगळवारभर होडी रेंजबाहेर असणार; एकच मेसेज आलेला होता, आज सकाळी नऊ वीसचा. डेटाबेस दार उघडत नव्हता म्हणून तो बाहेर ताटकळत होता. आत उतरल्याशिवाय तो वाचता येणार नव्हता.

शोधमोहिमेच्या कंट्रोल रूमला फोन लावला. तिकडचा माणूस सभ्य होता, पण थकलेला. "सर, लोकेशन दो. बिना लोकेशन के हम कहाँ ढूँढें?"

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू? तेव्हा अकरा वाजले होते.

डेटाबेसची मर्यादा मीच आठ कनेक्शनची ठेवली होती. ऑफिसात एकच संगणक, आठ म्हणजे खूप झाली असं वाटलं होतं. ती वाढवून शंभर केली. तरी तीच लाल ओळ. पासवर्ड तपासला, पत्ता तपासला, प्रोग्राम पुन्हा चढवला, एकदा, दोनदा, पाच वेळा. काहीही फरक पडला नाही.

डेटाबेसमध्ये व्यवस्थापकासाठी एक जादाची वाट ठेवलेली असते. तिथून आत शिरलो आणि आत कोण कोण आहे त्याची यादी मागवली.

आठ ओळी आल्या. आठही आत्याच्या खिडक्या असणार. प्रत्येकीपुढे 'स्लीप' लिहिलेलं होतं, म्हणजे कनेक्शन उघडं आहे पण बोलत नाही. हे नेहमीचं आहे. खिडकीवाला निघून जातो, कनेक्शन लटकत राहतं. मला जरा हायसं वाटलं.

आत्याला फोन केला. "आत्या, त्या खिडक्या बंद कर. सगळ्या."

"खिडक्या कुठच्या? नऊ वाजल्यापासून लाइट न्हाय. काम्प्युटर काळा पडलाय." मग म्हणाली, "आन् त्या बंद कराच्या न्हाईत. पोरं दर्यात हाईत ना?"

मी पुन्हा यादीकडे पाहिलं. प्रत्येक ओळीत सेकंदांचा आकडा असतो: हे कनेक्शन किती वेळापासून गप्प आहे. मंगळवार पहाटेपासून मोजलं तर तो लाखावर असायला हवा होता.

एका ओळीत चार होते. दुसरीत सात. तिसरीत दोन.

मी यादी पुन्हा पुन्हा मागवत राहिलो. आकडा नऊ-दहापर्यंत चढायचा आणि परत शून्य व्हायचा. पलीकडून कुणीतरी बोललं की शून्य होतो, दुसरं कारण नाही. मोरव्यात वीज नव्हती. कुठून जोडलंय त्या पत्त्याचा रकाना आठही ओळींत रिकामा होता. तो रिकामा असू शकत नाही.

एकाचा आकडा बाकीच्यांपेक्षा फार उशिरा शून्यावर येत होता. चाळीस, पन्नास, एकदा तर सत्तर.

लटकलेलं कनेक्शन तोडायचं असलं की 'किल' लिहायचं आणि पुढे त्याचा क्रमांक. हा शब्द माझा नाही, आमच्या धंद्यात तो दिवसातून दहा वेळा वापरतात. कुठलाही शहाणा माणूस सगळ्यात मंद असेल त्याच्यापासून सुरुवात करतो. मीही केली. अकरा चाळीस झाले होते.

ओळ गेली. सात उरल्या. एक जागा मोकळी झाली, म्हणजे मेसेज आत यायला हवा होता. लाल ओळ तशीच.

दुसरं तोडलं. लाल ओळ तशीच.

तिसरं तोडलं, आणि त्यानंतर उरलेल्या पाच ओळींचे आकडे भराभर शून्यावर येऊ लागले. तीन, शून्य. दोन, शून्य. एक, शून्य.

फोन चालूच होता. आत्या पलीकडून म्हणाली, "जितू, तू काय करतोयस?"

"उदयला शोधतोय."

"खिडकी मिटू नको रं. जो तो आपली मिटंल."

मी फोन उलटा ठेवला.

चौथं. पाचवं.

काहीतरी भयंकर चुकतंय हे मला तेव्हा कळत होतं. कळलंच नाही असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही. पण मेसेज आत गेला नाही तर उदय गेलाच, एवढं एकच मला स्वच्छ दिसत होतं.

सहावं.

दोन ओळी उरल्या. त्यांत काहीच फरक नव्हता. मी वरची निवडली. वर होती म्हणून.

लाल ओळ गेली.

पान उघडलं. मेसेज आत उतरला. आकडे दिसले. मी ते कंट्रोल रूमला दोनदा वाचून दाखवले. अकरा अठ्ठावन्न.

दुपारी तीनला उदय सापडला. एकटा.

तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात मी त्याला पेज भरवत होतो, तेव्हा तो आपणहून बोलला. शालू डबा धुवायला गेली होती.

"होडी साडेनऊलाच पलटली, दादा. पन आम्ही आठही व्हतो. ड्रमाच्या रशीला धरून. लाटेत कोन दिसाचा न्हाय, म्हनून एकमेकांना हाक मारायचो. हाय का? का दुसरा बोलायचा, हाय. गोल गोल, सगल्यांनी."

मी पुढचा चमचा भरला.

"धाकूकाका थकले व्हते. उशिरा बोलायचे. पयले तेच गप झाले. मंग एकेक जन. बुडला न्हाय कोन, रशी हातात व्हती सगल्यांच्या. नाना तर चांगला दमात व्हता, माझ्याशी बोलत व्हता, आन् मधेच..." त्याने हवेत बोट आडवं फिरवलं. "कोनी कापल्यासारखा. आम्ही घाबरून जोरजोरात हाका मारू लागलो."

"किती वाजता?" मी विचारलं. का विचारलं, देव जाणे.

"नानाच्या हातात घड्याल व्हता. पावनेबारा." तो माझ्याकडे बघत राहिला. "शेवटी मी आन् जयवंत. मंग मीच. मी बोलतच व्हतो दादा, हाय, हाय. कोन विचारत नव्हता तरी."

सातही देह मिळाले. मी सातही अंत्ययात्रांना गेलो, खांदा दिला, आणि लोकांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं, जितेश, तुझ्यामुळे एक तरी वाचला.

डिसेंबरात उदय काठी टेकत ऑफिसात आला. परत आलेल्या माणसाने सही करून आपलं पान मिटायचं, म्हणून तो आला होता. आत्याने त्याला माऊसला हात लावू दिला नाही. त्याला चहा आणायला पाठवलं आणि मला हळूच विचारलं, "किती उरल्यात?"

"एक."

"राहू दे ती."

ती आहे. मी रोज सकाळी पाहतो. आकडा नऊ-दहापर्यंत चढतो, शून्य होतो. उदय आता जाळी दुरुस्त करतो, शालूला दिवस गेलेत, रविवारी तो मला फोन करून शिव्या घालतो की तू येत नाहीस. मी त्या सर्व्हरला हात लावत नाही.

काल सर्व्हरच्या कंपनीचं पत्र आलं. तुमचा सर्व्हर ज्या यंत्रावर आहे ते जुनं झालं असून गुरुवारी बंद करून बदलण्यात येईल. सगळी माहिती सुरक्षित राहील, फक्त उघडी कनेक्शन तुटतील. मी लगेच लिहिलं, थांबवा. फोन केले. मॅनेजरचा मॅनेजर मागितला. हात जोडतो असं इंग्रजीत कसं लिहितात ते मला येत नाही, तरी लिहिलं.

आज सकाळी उत्तर आलं. काळजी नसावी, असं त्यांनी फार नम्रपणे लिहिलंय. सगळं आपोआप होईल, तुम्हाला काहीच करावं लागणार नाही.