आईच्या घरातले दोन कॅमेरे

तुम्ही घरी कॅमेरा बसवायचं म्हणताय ना, बसवा. वाईला तुमचे सासू-सासरे दोघंच, आणि तुम्ही इकडं कुपवाडला. जीव कसा टांगणीला लागतो ते मला ठाऊक आहे. बसा जरा, चहा टाकलाय. लाइट यायला अजून अर्धा तास तरी जाईल, तोवर आमच्या आईचं सांगते. सांगून झाल्यावरही मी हेच म्हणणार, की बसवा.

माझं माहेर आटपाडीच्या पुढं, माळावर. गावात नाही, गावापासून दोन किलोमीटर आत वस्तीवर. एक घर, पुढं सोपा, बाजूला मेंढरांचं वाडगं आणि मागं थोडी डाळिंबं. वडील जाऊन तीन वर्षं झाली. भाऊ मल्हार तामिळनाडूत, गलाईच्या धंद्यात. सोनं गाळायचं काम. मी इथं कारखान्यात पॅकिंगला. आणि आई, बनाबाई, बहात्तर वर्षांची, तिथं एकटी. सोबतीला बारा मेंढरं.

मल्हारनं ठरवलंच होतं. दिवाळीला यायचं, मेंढरं विकायची आणि आईला घेऊन जायचं. आई ऐकायला तयार नव्हती. "तितं माझी भाषा कुणाला कळतीया? खुराड्यात कोंबून ठिवनार व्हय मला?" दोघं फोनवर भांडायचे आणि रडायचं मात्र मी. शेवटी मीच मल्हारला म्हटलं, "दिवाळीपर्यंत थांब. मी कॅमेरे बसवते. काही वाटलं तर मग ने."

एका रविवारी सांगलीत जाऊन दोन कॅमेरे घेतले. एक सोप्यासाठी, सिमकार्डवर चालणारा, वर छोटं सोलर. त्यातून बोलताही यायचं. मी इथून मोबाइलवर बोलले की तिकडं आईला ऐकू जायचं. दुसरा आतल्या खोलीसाठी, साधा. त्यातून तिकडचं दिसायचं, ऐकू यायचं, एवढंच. बसवायला दुकानातले सिद्धूभाऊ आले. पन्नाशीचा माणूस, पाय जपून शिडी चढणारा. दोन्ही बसवून खाली उतरले तर आई भंडारा घेऊन उभी.

"मावशी, काचेला लावू नका, दिसायचं न्हाई."

"मग कपाळ कुटं हाय त्येचं?" आईनं विचारलं.

सिद्धूभाऊंनी काचेच्या वर बोट ठेवलं, आईनं तिथं भंडारा लावला. दोन्ही कॅमेऱ्यांना. आम्ही हसून हसून बेजार.

पहिले आठ दिवस आई कॅमेऱ्यासमोरून डोक्यावर पदर घेऊन जायची, वडीलधाऱ्या माणसासमोरून जावं तशी. मग तिला गंमत कळली. मला साडेबाराला जेवणाची सुट्टी. त्या अर्ध्या तासातच मोबाइल हातात यायचा, एरवी तो गेटवरच्या खणात ठेवावा लागतो. साडेबाराला मी सोप्यावरच्या कॅमेऱ्यातून हाक मारायची आणि आई ताट घेऊन समोर येऊन बसायची. "बग, आज हुलग्याचं माडगं केलंय." मग माझ्या पॅकिंगच्या सगळ्या बायका मोबाइलभोवती गोळा. आमच्या सुपरवायझर संयोगिता मॅडमसुद्धा डबा घेऊन यायच्या. एकदा नव्या कोकराला आईनं थेट कॅमेऱ्याला नाक लावायला लावलं, तर आमच्याकडं नुसत्या किंकाळ्या आणि हसू! मल्हारही तिकडून बघायचा. दोघांचं भांडण कमी झालं. मला वाटलं, चला, जमतंय.

एका संध्याकाळी फोनवर आई म्हणाली, "दुपारभर किती बोलत बसलीस गं? काम न्हाई का तुला? आन् आवाज बसलाय तुजा, काढा घे."

मला वाटलं सुट्टीतलंच म्हणतेय. म्हातारं माणूस, वेळेचा अंदाज चुकतो. माझा आवाज काही बसला नव्हता, पण तेही मी सोडून दिलं.

चैत्रातली गोष्ट. त्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला दोघंजण मोटारसायकलवरून वस्तीवर आले. एकाच्या हातात डबा, त्यात कसलंसं पाणी. "आजी, दागिने उजळून देतो. आधी बघा, मग सांगा." आईच्या गळ्यात बोरमाळ होती. माझ्या आज्जीची, आईला लग्नात घातलेली. त्यांनी आईची पितळी समई चकचकीत करून दाखवली. आई भुलली. "थांबा, पानी देते तुमास्नी, माळबी काढून आनते," म्हणून ती आत गेली.

आणि माळ गळ्यात तशीच ठेवून बाहेर आली. बाहेर कुणीच नव्हतं. समई सोप्यावर आडवी पडलेली, डब्यातलं पाणी सांडलेलं, आणि मोटारसायकलचा धुरळा लांब ओढ्यापाशी पोचलेला.

मला हे कळलं शिफ्ट सुटल्यावर. गेटवर मोबाइल हातात घेतला तर आईचाच फोन. आवाज इतका खुशीतला!

"मंगल, बरं झालं बाई तू बोललीस. माळ गेलीच हुती बग आज."

"मी कधी बोलले, आई?"

"आसं काय करतीस? मी माळ काढाय लागले, तर तूच म्हनालीस न्हवं, आई, देऊ नगंस म्हनून."

मी गेटवरच उभी राहिले. सकाळपासून मोबाइल खणात होता, किल्ली वॉचमनकडं. त्या दिवशी माल पाठवायची घाई होती म्हणून साडेबाराची सुट्टीसुद्धा आम्ही घेतली नव्हती.

"कुठून बोलले मी? सोप्यावरनं?"

"न्हाई गं. आतनं. आतल्या क्यामेऱ्यातनं."

घरी आले, दार लावलं, आणि रेकॉर्डिंग लावलं. आधी आतल्या कॅमेऱ्याचं. आई उन्हातून आत येते. आत अंधारलेलं, ती दोन क्षण डोळे सावरत उभी राहते. कळशीतून तांब्या भरते. मग दोन्ही हात मानेमागं नेऊन माळेची गाठ सोडू लागते. कुठंतरी कवडा घुमतोय, वाडग्यातल्या मेंढीच्या गळ्यातली घंटा वाजतेय. बाकी काही नाही. आणि मग आई थांबते. मान तिरकी करते. वर बघते, सरळ कॅमेऱ्याकडं, म्हणजे सरळ माझ्याकडं. "व्हय गं?" म्हणते. ऐकत राहते. "बरं... बरं बाई..." माळेची गाठ परत घट्ट करते.

मी पाच वेळा ऐकलं. आवाज पूर्ण वाढवून, कानाला लावून. कवडा, घंटा आणि आई. चौथं काही नाही.

मग सोप्यावरचं लावलं. दोघं सोप्यावर बसलेत. एक बिडी काढतोय. आई अजून आत आहे. आणि एकाच वेळी दोघंही दाराकडं बघतात. बिडीवाल्याचा हात तसाच राहतो. दुसरा हळूहळू उठतो, दाराच्या आत बघायचा प्रयत्न करतो, आणि मग असा मागं सरतो की डबा लाथाडला जातो. पळाले ते दोघं, चपला हातात घेऊन. पण जाताना मोटारसायकलचा नंबर कॅमेऱ्यात अगदी स्पष्ट आला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून सिद्धूभाऊंना घेऊन वस्तीवर गेले. त्यांनी आतला कॅमेरा उतरवला, स्क्रू काढले आणि उघडून माझ्यापुढं धरला.

"बघा ताई. ह्यात बोलायचं यंत्रच न्हाई. ही रिकामी जागा. बोलणार कुठनं?"

"मग...?"

"मावशीला भास झाला आसंल," ते म्हणाले. पण माझ्याकडं बघून नाही म्हणाले. कॅमेरा परत बसवला, आणि चहा न घेता गेले.

ते गेल्यावर मी त्या खोलीत बसून राहिले. बाहेर माळावर ऊन रटरटत होतं आणि आत गारवा. धुराचा, लोकरीचा, ताकाच्या गाडग्याचा वास. वर तो बारीक लाल दिवा. बराच वेळ मी कान देऊन बसले. मेंढरंसुद्धा गप्प होती. शेवटी आईला हळूच विचारलं, "आई... आता का बोलत नाही गं?"

आई तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "आता कशी बोलंल? तू हितंच हायस की."

मी सरकून तिला चिकटून बसले. पण तिच्या चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नव्हता, तो चेहरा समाधानी होता. वडील गेल्यापासून मी तिला इतकं निवांत कधी पाहिलं नव्हतं.

नंबरवरून पोलिसांनी दोघांना तीन दिवसांत विट्याच्या रस्त्यावर धरलं. आजूबाजूच्या वस्त्यांवरचे बरेच दागिने सापडले. ओढ्यापलीकडच्या रंगुबाईंची पुतळ्यांची माळसुद्धा. रंगुबाई महिनाभर तोंडात पाणी घेत नव्हत्या म्हणा ना. माळ मिळाली त्या दिवशी त्या वाजत-गाजत आल्या, हलगीवाला पुढं घालून! पुरणपोळ्या झाल्या. आईला हार घातला, आणि आईनं तो काढून सोप्यावरच्या कॅमेऱ्याला घातला. मी इकडं मोबाइलवर बघत होते, मला नुसती झेंडूची फुलं दिसत होती आणि सगळ्यांचं हसणं ऐकू येत होतं. आता त्या भागात सात वस्त्यांवर कॅमेरे आहेत. सिद्धूभाऊच बसवतात. मल्हारचाही फोन आला, "ऱ्हाऊ दे आईला तिथंच. लय खूश हाय ती." मी त्या रात्री तीन वर्षांत पहिल्यांदा गाढ झोपले.

जबाब घ्यायला आलेले हवालदार मात्र आईला हसत हसत एक सांगून गेले. "आजी, त्या दिवशी तुमच्या घरात पाव्हण्या हुत्या काय वो? ती चोरटी म्हणत्यात, आत पाच-सहा बायका बसल्या हुत्या. समद्या एकदम म्हणत हुत्या, देऊ नको, देऊ नको."

"एकटीच हुते मी," आई म्हणाली. "आन् माजी मंगल."

मी आईला पुन्हा काही विचारलं नाही. काय विचारायचं? माळ वाचली, माणूस वाचलं, घर वाचलं. आतला कॅमेरा काढावा असंही एकदा मनात आलं, पण तसं म्हटल्याबरोबर आई दिवसभर जेवली नाही. मग राहू दिला. दुपारी ती आतच बसते, निवडणं-टिपणं करत, बोलत. माझ्या मोबाइलवर फक्त तिचंच बोलणं ऐकू येतं. मधेच हसते. छान हसते हो.

गेल्या मंगळवारचं सांगते आणि थांबते. सुट्टीत मोबाइल उघडला. दोन्ही कॅमेरे एकाच वेळी पडद्यावर दिसतात, वर सोपा, खाली आतली खोली. आई उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होती. सोप्यावरच्या कॅमेऱ्यातून मी हाक मारली, "आई, जेवलीस का?"

आईनं एकदा सोप्याकडं बघितलं, एकदा आत बघितलं, आणि हसत दोन्ही हात वर केले.

"आगं, एक-एकीनं बोला गं! दोगींचं एकदम मला कसं कळायचं?"

शेजारी बायका हसत होत्या, त्यांना वाटलं आई चेष्टा करतेय. मी अगदी हळू विचारलं, "आई... दुसरी कोण?"

आई आतल्या बाजूला कान देऊन ऐकत राहिली. मग माझ्याकडं वळली.

"आता तीबी हेच इचारतीया गं."