सरगमनंतरचा शब्द

ए पोट्टेहो, ठेवा ते मोबाइल खिशात. लाइन याले अजून तास-दीड तास आहे, तोपर्यंत मोटर काई उठत नाही. आन अनुप, तू तिकडं विहिरीच्या अंगानं नको बसू. इकडं सरक, शेकोटीपाशी. काहून म्हणजे? सांगतो ना, दम धर जरासा.

माही सासरवाडी पातूरच्या अलीकडची. गावाचं नाव इचारू नका, त्यातली माणसं अजून जित्ती आहेत. तिथं माह्या साळ्याचा दोस्त, किशोर. दहा एकर काळी जमीन, दारात ट्रॅक्टर, गावच्या शाळेत पालक समितीचा अध्यक्ष. त्याच्यासमोर बोलाची कोणाची टाप नसे. त्याले एकच पोट्टी, चंदा. सहावीत होती. हुशार लेकरू, पण तोतरी. पहिला शब्दच निघत नसे तिचा. ओठ हालत, मानेच्या शिरा फुगत, डोयात पाणी येई, शब्द काई येत नसे. वर्गातले पोट्टे हासत.

शाळेत गाण्याचे सर होते, केशवराव. तासिकेवर होते बिचारे. त्याईनं तिले सांगतलं, "बाई, तू बोलू नको. पहिले सरगम म्हण. सा रे ग म. मंग त्याच सुरावर शब्द बसव." आन काय सांगू बाप्पा, शब्द याले लागला! हजेरीत तिचं नाव आलं का पोरगी सा रे ग म लावे, आन मंग सुरातच म्हणे, 'हजर, सर'. सारा वर्ग तिच्यासाठी थांबे. केशवरावांचा नियमच होता तो. चार सूर थांबाचं. पाचव्याले शब्द येते.

घरी बापासमोर मात्र ती गात नसे. बापाले गाणं म्हटलं का डोक्यात तिडीक. बापानं तिचं गाणं कधी ऐकलंच नव्हतं.

मंग एक दिवस समितीची मीटिंग झाली. स्पोकन इंग्लिशचा तास सुरू कराचा होता, पण टाइमटेबलात जागा नाही. किशोर म्हणे, "गाण्याचा बंद करा ना. गाऊन कोणाचं पोट भरते? माह्या पोरीले इंग्लिश आलं पायजे." साऱ्याईनं हात वर केले. केशवरावांची सुट्टी झाली. त्याईची वाजवाची पेटी गेली खिचडीच्या तांदळाच्या पोत्यामांगं. नव्या मॅडमनं हजेरीले चंदाची सरगम ऐकली आन दटावलं, "हे काय नाटक लावलं?" झालं. पोरगी चूप. शाळेत चूप, घरी चूप. आन हा किशोर चारचौघात सांगे, "पोरगी आता समजदार झाली माही." मले अजून राग येते त्याचा. समजदार म्हणे!

त्याच वर्षीचा पोळा. चार वर्षं झाली आता. पोळा फुटला, बैल ओवाळून झाले, पुरणपोळीची जेवणं झाली. अमावस्येची रात, वरून आभाळ भरलेलं. किशोरचा लहान भाऊ जीवन रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर रातपाळीले होता. सणाचं त्याले उपाशी कसं ठेवाचं, म्हणून किशोर डबा घेऊन मोटरसायकलवर निघाला. साडेआठ झाले असतीन. गाव आन पंपाच्या मधात एक जुनी विहीर आहे, रस्त्याले लागूनच; वावरातली पायवाटही तिथंच निघते. कठडा नाही. भोवताली छातीइतकं गवत.

डबा देला. भावासंग बसून सुपारी खाल्ली. वापस निघाला.

विहिरीपाशी खड्डा होता. खड्ड्यात गाडी बंद पडली. हेडलाइट गेला. सारा अंधार…

आन आवाज आला.

सा…

बारीक. लेकराचा.

किशोरनं किक मारली. गाडी उठे ना.

रे…

विहिरीतून येऊन राहिला होता.

आता तुमीच सांगा, लहानपणापासून काय शिकवलं आपल्याले? अमावस्येले विहिरीपाशी कोणी आवाज देला तर वळून पाहाचं नाही. ओ देयाची नाही. किशोरनं नाही पायलं.

ग…

किक. किक.

म…

गाडी उठली. किशोर पळाला.

त्याच्यानंतर काई आलं का? त्याले माहीत नाही. त्यानं गाडीचा कान पिरगाळला होता.

घरी आला तर बायको दारात उभी. मैनाबाई. हा घामानं ओला. म्हणे, "विहिरीत… कोणीतरी गाऊन राहिलं."

मैनाबाई म्हणे, "चंदा कुठी आहे?"

"मले काय माहीत?"

"अवो, तुमी गरम कढीची किटली विसरले ना! ती घेऊन तुमच्या मांगं पळाली वावरातल्या वाटेनं. मले वाटलं तुमाले भेटली असन, पंपावर गेली असन संग."



"काय गाऊन राहिलं होतं?" मैनाबाईनं इचारलं. केशवराव शाळेत होते तवा पोरगी गोठ्यात एकटीच गाये, ते तिनं मांगून चोरून ऐकलं होतं ना. "सांगा ना… काय गाऊन राहिलं होतं?"

किशोरनं ते चार सूर म्हणून दाखवले.

मैनाबाई खालीच बसली.

सारं गाव धावलं. टॉर्च, दोर, गळ. चंदा सापडली. नखं तुटलेली, बोटाईत कपारीची माती. बराच वेळ धरून होती म्हणतात. गाडीचा आवाज तिनं वळखला असन. बाप आला, बापाले हाक मारू म्हणून सरगम लावली असन. चारच सूर थांबाचं होतं रे… एक किटली तेवढी नाही भेटली. दोन मोटरी लावून पाणी उपसलं, गाळ काढला. नाही भेटली.

तेरवी झाली आन किशोर शाळेत गेला. पोत्यामांगची पेटी त्यानं सोता उचलली, धूळ पुसली. शाळेची संस्था म्हणे, गाण्याच्या सराचं पद नाही. तर दर शनिवारी हा आपल्या गाडीवर केशवरावाले घेऊन याले लागला. लोकं म्हणत, बुद्धी फिरली याची. मी म्हणतो, फिरली नाही, आली. पण कधी आली?

मंग दुसरा पोळा आला. अमावस्या. जेवणं झाल्यावर किशोर निघाला. मैनाबाईनं पाय धरले, तरी निघाला. जीवन त्याच्या मांगं गेला, पण रस्त्यावरच थांबला. पुढचं मले जीवननं सांगतलं. त्याच्या तोंडून ऐकलं मी.

किशोर काठावर बसला. वारा नाही. गवत हालत नाही. रातकिडेही चूप झाले…

सा…

किशोर हालला नाही.

रे…

ग…



म…

किशोर बसूनच.

मंग काईच नाही. लय वेळ. जीवनले काईच ऐकू आलं नाही.

पण किशोर बोलला. हळूच. "हो बाई… थांबलो आहो मी… घे तुह्या मनानं…"

मंग त्यानं दोन्ही हात विहिरीवर धरले. ओंजळ करून. कोणी काई देऊन राहिलं तसे.

जीवन धावला. भावाले मांगं ओढलं. टॉर्च मारला. किशोरच्या हातात स्टीलची किटली. बाहेरून शेवाळ, गाळ, पाणी ठिबकून राहिलं. जीवननं झाकण काढलं.

कढी होती.

शब्द काय आला, ते किशोरनं अजून कोणाले सांगतलं नाही. मैनाबाईलेही नाही. मीही कधी इचारलं नाही.

जीवनले मात्र इस्वास बसे ना. त्यानं बोट घालून पायलं. उजव्या हाताचं, हे मधलं. भाजलं ते. तो डाग अजून आहे… मी सोता पायला.