दुपारची आई

कंपनीच्या सुमोतून खडकी बाजारात उतरायचं, दुधाची पिशवी घ्यायची आणि क्वार्टर गाठायचं, हा नम्रताचा रोजचा परिपाठ. त्या सकाळी तिने दुधाबरोबर कार्बन पेपरही घेतले.

येरवड्याच्या कॉल सेंटरमध्ये तिला कायमची रात्रपाळी होती. हल्ली साध्यासाध्या गोष्टी आठवेनाशा झाल्या, तेव्हा कंपनीचा डॉक्टर म्हणाला होता, "शरीराला स्वतःचं घड्याळ असतं, मॅडम. ते उलटं फिरवलं की शिकलेलं मेंदूत मुरत नाही. रोज एकाच वेळी झोपा. मिट्ट काळोखात."

तिने खोलीच्या काचा कार्बन पेपरने झाकल्या. बाहेर ऊन रणरणत होतं. आत काळोख, आणि त्या कागदांचा तेलकट वास.

"आमच्याकडे उजाडलं की सूनबाईंची रात्र होते," सासूबाई, सुंदराबाई, शेजारणीला ऐकवत होत्या.

काही दिवसांनी चार वर्षांची मैना अंगाई गुणगुणताना दिसली. नम्रताच्या वारलेल्या आईची अंगाई. नम्रताला पुढची ओळ आठवेना.

"कुणी शिकवली गं?"

"तूच. दुपारी."

"दुपारी मी झोपते, बाळा."

"ही तू झोपतेस. दुपारची तू छान असतेस."

सुंदराबाई हसल्या. "खोटं नाही बोलत पोर. दुपारी उठून वेणी घालतेस, बाराखडी घेतेस. संध्याकाळी मात्र कोरं तोंड घेऊन बाहेर येतेस."

आपण झोपेत चालतो की काय? पण मैना एकेक गोष्ट शिकत गेली आणि नम्रताची तीच गोष्ट पुसत गेली. आईच्या हातची वरणफळं गेली. माहेरचं अंगण गेलं. मग आईचा चेहरा.

आता पुसायची उरली होती ती पोर. तिने रजा टाकली आणि झोपायचंच नाही असं ठरवलं. भर दुपारी ती अंथरुणावर टक्क जागी बसून राहिली. दारावर नखं वाजली.

"आई... झोपलीस?"

"नाही गं, राणी. ये ना आत."

"झोप ना..." मैना रडवेली झाली. "तू जागी असलीस की ती येत नाही."

दुसऱ्या दुपारी डोळे मिटू लागले, तशी नम्रता उठली. कडी काढून बाहेर आली आणि रिकाम्या खोलीचं दार तिने ओढून घेतलं. पोर जमिनीवर पाटी घेऊन बसली होती. तिला कुशीत घ्यावं म्हणून नम्रताने हाक मारायला तोंड उघडलं.

नाव आठवेना.

"मैना..."

हाक बंद दाराआडून आली. आवाज नम्रताचाच होता.

"आले गं, आई!" पाटी टाकून पोर दाराकडे धावली.

तांदूळ निवडणाऱ्या सुंदराबाईंनी मान वर केली. नम्रताकडे पाहून पदर सावरला.

"बसा हं आपण," त्या अदबीने म्हणाल्या. "सून निजली होती आमची... उठलेली दिसतेय."

आणि आतून कडी निघाली.