दोन हेलकावे कमी

खाडीवरचा लोखंडी साकव (पायी जाण्याचा लहान पूल) दिसायला ठणठणीत होता, तरी ठोक्या नावाचा यंत्रमानव त्याचं फाटक काही उघडेना. कस्तुरी पार वैतागली होती. तासाभरात पलीकडच्या गावात कबड्डीचा अंतिम सामना, ती कर्णधार, आणि वळसा घालून जायचं तर अकरा किलोमीटर!

"पूल बंद. कंप्रता कमी," ठोक्या चौथ्यांदा म्हणाला. दुसरं काही तो बोलेचना.

कस्तुरीने तणतणत शकूआत्याला फोन लावला. आत्या पुलांची इंजिनिअर. हे ध्यान तिनेच इथे आणून बसवलं होतं. तिने समजावलं, की वाऱ्याने, माणसांच्या चालण्याने प्रत्येक पूल किंचित हलतो. साकवाला चिकटवलेले संवेदक (हालचाल टिपणारी छोटी यंत्रं) ते हेलकावे मोजतात. हा साकव दहा सेकंदांत चाळीस वेळा हलतो. ही त्याची कंप्रता (ठरावीक वेळात होणाऱ्या हेलकाव्यांची संख्या). आज ती पस्तीसच भरत होती. कपडे वाळत घालायची दोरी ओल्या कपड्यांनी जड झाली की सावकाश झुलते, आणि सैल पडली तरी सावकाशच झुलते. म्हणजे एकतर साकवावर वजन वाढलंय, नाहीतर तो कुठेतरी कमजोर झालाय.

कस्तुरीने साकवाकडे नीट पाहिलं आणि कपाळावर हात मारला. मधोमध गावातल्या जनूकाकांच्या नव्या घराचे जांभ्या दगडाचे चिरे रचलेले! साकवावर गाडी येत नाही, म्हणून काका डोक्यावरून चिरे आणायचे आणि दमले की तिथेच उतरवायचे. आठवड्यात साठ-सत्तर साठले होते. आत्याच्या हुकमावरून ठोक्याने एकेक चिरा काठावर आणला. कस्तुरीच्या संघातल्या मुली घड्याळाकडे बघत नुसत्या धुमसत होत्या.

मग ठोक्याने पुन्हा मोजलं. "अडतीस. छत्तीसच्या वर. पूल सुरू."

फाटक उघडलं. मुली धावल्या. कस्तुरीही निघाली, आणि थबकली. चिरे तर सगळे उतरले, मग दोन हेलकावे अजून कमी का? तिने फाटकात हात आडवे केले.

"कुणी जायचं नाही."

"डोकं फिरलंय का तुझं?" उपकर्णधार रेवती ओरडली. मघापासून ठोक्यावर निघणारा सगळा राग आता कस्तुरीवर निघाला. तिला स्वतःलाच रडू येत होतं, पण ती हलली नाही. सामना पलीकडच्या संघाला बहाल झाला.

दुपारी आत्या आली. पलीकडच्या टोकाचे संवेदक जरा वेगळेच आकडे देत होते, म्हणून ती होडीतून नेमकी तिथे साकवाखाली गेली आणि फोटो काढून आणला. लोखंडी तुळईला वीतभर तडा गेला होता. वरून रंग असल्यामुळे तो दिसत नव्हता.

"चूक माझी," आत्या म्हणाली. "छत्तीसच्या वर गेले की पूल उघड, एवढंच मी ठोक्याला शिकवलं. वजन उतरवल्यावर चाळीस परत यायलाच हवेत, हे शिकवायचं राहिलं." जिल्ह्यातल्या सगळ्या साकवांवरच्या यंत्रमानवांना ती आता हा नियम शिकवणार होती.

रेवती बराच वेळ फोटो बघत राहिली.

"आपण सातजणी एकदम धावणार होतो," कस्तुरीचा हात धरत ती हळूच म्हणाली. सामना गेल्याचा राग अजून आहे, हेही तिने सांगून टाकलं. पण धरलेला हात काही सोडला नाही.