बाबांच्या फोटोखालची ओळ

"ऊठ तिथून! आत्ताच्या आत्ता!"

नुकत्याच पडून गेलेल्या सरीनं वाळू ओली होती, आणि हा गोरा खुशाल पाय पसरून कासवाच्या घरट्यावर बसला होता. न्यूझीलंडहून आमच्या फिजीत आलेल्या स्वयंसेवकांपैकी एक... हॅमिश.

तो दचकून उठला. "खाली अंडी आहेत?"

"शंभरेक. आमलेट करणार होतास ना?"

तो हसला. मी नाही हसले... निदान त्याच्यासमोर तरी नाही.

पुढचे तीन आठवडे तो माझ्यामागून फिरला. घरट्यांभोवती काठ्या रोवल्या, गावच्या टाकीसाठी खडी वाहिली. उन्हानं नाक सोललं तेव्हा मी खोबरेल लावलं, तर त्यानं श्वासच रोखला.

"विलिसी... गालही भाजलाय गं."

"त्याला तुझे हात आहेत!"

मग या स्वयंसेवकांच्या संस्थेचं गुळगुळीत पत्रक आलं. पहिल्या पानावर माझे बाबा, तळहातावर पिल्लू. खाली ओळ — 'कालचा शिकारी. आमच्या स्वयंसेवकांनी त्याला शिकवलं.'

माझं डोकंच फिरलं. बाबांनी अख्ख्या गावाला शपथ घालून कासवं मारणं थांबवलं, तेव्हा ही पोरं जन्मलीही नव्हती! तडक छावणीवर गेले, पत्रक हॅमिशच्या छातीवर आपटलं.

"फोटो तुझा?"

"हो, पण ती ओळ मी नाही —"

"बाबांचा चेहरा तर तूच दिलास त्यांना! विचारलंस आम्हाला?"

त्याची मान खाली गेली.

दोन दिवसांनी सकाळी तो आमच्या दारात उभा. कमरेला आमच्यासारखी सुलू गुंडाळलेली, हातात आमच्याकडे माफी मागताना देतात त्या यंगोनाच्या मुळ्यांची जुडी. चटईवर मांडी घालून त्यानं ती बाबांपुढे ठेवली.

"संस्थेला पत्रक मागे घ्या म्हटलं, ते ऐकेनात. मी काम सोडलं. पण फोटो माझाच होता, काका... चुकलो."

बाबांनी जुडीला हात लावला, संथ टाळ्या वाजवल्या. माफी मिळाली. माझा राग मात्र धुमसतच होता.

"आणि खरं काय ते कोण छापणार?"

"तू सांग, मी लिहितो. छापून आणेपर्यंत हलत नाही. नंतरही... विलिसी, तुला सोडून मला जायचंच नाहीये."

माझे कान तापले. बाबा खाकरले.

"पोरा, या मुळ्या माफीच्या. माझी पोर मागायची तर देवमाशाचा दात लागतो."

"कुठे मिळेल?"

"आधी वही काढ," मी म्हणाले, आणि त्याच्या शेजारी टेकले... अगदी खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ. "लिही — इलिएसा. माझ्या बाबांना नाव आहे."