न पडणारा थेंब

"मीटर खोटं बोलतंय, हणम्या. चाळीस वर्षं मिरजेत नळ जोडलेत मी. खालचा कागद कोरडा, म्हणजे गळती नाही."

"मग काटा का हलतोय, आबा? सगळे नळ बंद आहेत."

"शाळा सोडलेल्यानं मला शिकवू नये."

माझं डोकंच फिरलं. हातातला पाना फेकला, तर तो आरामात तरंगत खाली आला. चंद्रावर राग पण नीट काढता येत नाही.

आबा म्हणजे माझे आजोबा. महिन्यापूर्वीच पृथ्वीवरून आमच्या वस्तीत राहायला आले. घरातली पाइपलाइन आम्ही दोघांनीच टाकली. चारला तपासणी होती. गळती सापडली तर पंधरा दिवस पाणी बंद, आणि माझ्या ताईला आठ दिवसांचं बाळ घेऊन परत इस्पितळात जायला लागणार.

पाना पडायला इतका वेळ, तर थेंबाला किती?

"आबा, इथं गुरुत्वाकर्षण (खाली ओढणारा जोर) पृथ्वीवरच्या सहाव्या हिस्स्याएवढं. पाण्याला पृष्ठताण असतो (थेंबाला धरून ठेवणारी ओढ). थेंब चांगला फुगेपर्यंत पडतच नाही. तुम्ही कागद पाच मिनिटंच ठेवला."

"मग शोधायचं कसं, ते बोल."

स्वयंपाकघराचा कॉक बंद केला. काटा हलतच होता. तो उघडून न्हाणीघराचा बंद केला. काटा थांबला. म्हणजे गळती त्या कॉकच्या पुढं. मग एकेका जोडाच्या पोटाखालून सुकं बोट फिरवलं. बेसिनमागच्या एल्बोखाली, म्हणजे पाइप वळवणाऱ्या जोडाखाली, बोराएवढा थेंब लटकलेला. बाकीचं पाणी पाइपाला धरून भिंतीत चाललेलं.

"हा जोड कुणाचा?" आबांनी विचारलं.

"माझा."

आबा हसले नाहीत, तेच बरं. जोड उघडला. पाणी अडवणारी टेप मी आट्यांच्या उलट दिशेनं गुंडाळली होती, म्हणून आवळताना ती सुटत गेली. नवी टेप सुलटी गुंडाळली, जोड आवळला, कॉक उघडला आणि अर्धा तास मीटरपुढं बसलो. काटा ढिम्म.

चारला तपासणीचा रोबो आला, मीटर बघून पास करून गेला. ताईनं बाळाच्या अंघोळीचं पाणी काढलं.

"पुढच्या वर्षी इथं चारशे घरं होणार, आबा. सगळ्यांना ही रीत शिकवू."

आबांनी खाली ठेवलेला पाना पुन्हा उचलला.

"काय झालं?"

"सकाळी या रांगेतल्या अकरा घरांत कागद ठेवून, गळती नाही म्हणून सांगून आलोय. त्यांची तपासणी उद्या."

मला आता त्या अकरा घरांकडं निघायला हवं.