गाण्यातली आई

पौडच्या बाजारात आमचं मंडप आणि स्पीकरचं दुकान आहे. नाव माझ्या वडिलांचं, शाकिर मंडपवाले; पण बिघडलेल्या स्पीकरला हात लावायचा तो मीच, मन्तशाने. त्या दुपारी एक स्पीकर दुरुस्त करून मी जुन्या विनोदी हिंदी सिनेमातलं गाणं लावलं होतं. फार अवखळ गाणं! झाडामागे लपलेला हिरो, समोरून येणारी ती... आणि त्याचं ते ओरडणं, "आई! आई!"

"एवढा दांडगा गडी, अन् सारखा आईला काय बोलावतोय," मी वायर गुंडाळत पुटपुटले.

"हिंदीत आई म्हंजे आली," मागून कुणीतरी म्हणालं.

दारात एक उंच मुलगा उभा होता. छत्रीतून पाणी ठिबकत होतं आणि डोळे नुसते हसत होते.

"कळतंय मला," मी ठसक्यात म्हणाले. खोटं कशाला सांगू, तोवर नव्हतं कळलं. आमच्या घरात आईला आईच म्हणतात, त्यामुळे लहानपणी डोक्यात बसलं ते बसलं.

तो नेऱ्याचा जुनैद. हिंजवडीत नोकरीला. बहिणीच्या, आरिफाच्या, हळदीला त्याला स्पीकर हवे होते. हळद झाली, लग्न झालं, तरी याच्या खेपा चालूच. कधी वायर हवी, कधी माईक बघायचा. मी आतून बाहेर आले की काउंटरला टेकून हळूच म्हणायचा, "आई..." मला ते फार आवडायचं. त्याची गाडी दिसली की मी मुद्दाम तेच गाणं लावायचे.

मग बावधनचं स्थळ आलं. रविवारी पाहुणे येणार होते. वडील म्हणाले, तुझ्या मनात कुणी असेल तर त्याआधी सांग. मनात होता की! पण तो एका शब्दापुढे सरकतच नव्हता.

गुरुवारी जुनैद आला. मी गाणं बंद केलं आणि स्थळाचं सांगून टाकलं. त्याचा चेहरा पडला.

"तुझ्या मनात काय हाय?" मी विचारलं.

"तुला म्हाइत हाय की..."

"मला म्हाइत असून काय उपयोग?"

"लई आवडतीस तू मला," तो म्हणाला. इतक्या हळू, की माईक असता तर बरं झालं असतं. "पण मी आता काय करू?"

"इतके दिवस आई-आई करतोयस न्हवं? आता खरंच आईला घेऊन ये."

तो हसला नाही. छत्री विसरून तसाच पावसात निघून गेला.

शुक्रवार कोरडा गेला, तो फिरकलाच नाही. तोंडाचा पट्टा जरा जास्तच सुटला का, असं वाटून मला घास गोड लागेना. शनिवारी मात्र मी ते गाणं परत लावलं, चांगलं मोठ्याने. यायचं तर ऐकून यावं.

आणि दुकानापुढे रिक्षा थांबली. पदर सावरत एक बाई उतरल्या, हातात मिठाईचा पुडा. मागे गाडीवर भिजत आलेला जुनैद.

"आई," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "आली."

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हीच व्हय ती स्पीकरवाली?"

अशा वेळी म्हणे मुलीने खाली बघायचं असतं. मी गाणं बारीक केलं आणि खुर्ची पुढे सरकवली.

"व्हय, मीच. बसा की, आई."